गंजलेला पत्रा आणि त्यावरची ठिगळे : जुन्या मोटारींच्या बॉडीदुरुस्तीची पार्श्वभूमी

जुन्या मोटारीचा रंग खरवडून पत्रा उघडा पाडला, की नुसता गंज हाती लागत नाही. आधीच्या दुरुस्त्यांचे थरही लागतात. सर्वांत वर पुट्टी, तिच्याखाली कधी शिसे, त्याखाली पितळेने झाळलेले किंवा गॅस वेल्डिंगने चिकटवलेले ठिगळ, आणि ठिगळाच्या मागे मूळचा सडका पत्रा जसाच्या तसा. मोटार गंजते ती एकदाच असे नाही. दर पिढीने केलेली दुरुस्ती पुढच्या पिढीच्या गंजाला जागा करून देत आलेली आहे. ही जागा कशी तयार होत गेली, हे समजण्यासाठी बॉडी मुळात कशी बनत असे, तिथूनच सुरुवात करावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीची बॉडी बांधणे हा घोडागाड्या बांधणाऱ्यांचाच धंदा होता. चेसिस, म्हणजे इंजिन आणि चाके धरणारा खालचा सांगाडा, एका कारखान्यातून येई आणि तिच्यावर अ‍ॅशच्या लाकडाचा सांगाडा उभारून त्याला पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खिळ्यांनी ठोकला जाई. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत केवळ चेसिसच विकत होती. आपल्या संस्थानिकांनी मागवलेल्या कित्येक गाड्यांवरच्या बॉड्या म्हणूनच हूपर किंवा बार्करसारख्या बांधणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जातात. अशा बॉडीत पाणी मुरले की आधी लाकूड कुजते, आणि ओल्या लाकडाला टेकलेला पत्रा आतून गंजू लागतो. तरीही तिची दुरुस्ती सोपी नसली तरी सरळ होती. जो पत्रा एका कारागिराने वाळूच्या पिशवीवर ठोकून आणि इंग्लिश व्हीलच्या दोन चाकांमधून फिरवून गोलाईला आणला, तोच पत्रा दुसरा कारागीर त्याच हत्यारांनी पुन्हा घडवू शकत होता. मूळ काम आणि दुरुस्ती यांत फरक होता तो फक्त तारखेचा.

हे चित्र बदलले ते पत्रा साच्यात दाबून आकार देणाऱ्या प्रेस यंत्रामुळे. एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये फिलाडेल्फियात कंपनी काढली आणि १९१४ मध्ये डॉज बंधूंच्या पहिल्या मोटारीसाठी लाकडाचा सांगाडा नसलेली पोलादी बॉडी पुरवायला घेतली. साच्यात दाबून काढलेले भाग स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे सलग न सांधता ठिपक्याठिपक्याने, जोडायचे, अशी ही रीत होती. फ्रान्समध्ये सित्रोएनने ती १९२४ साली उचलली; १९२६ मध्ये इंग्लंडात काउली येथे प्रेस्ड स्टील कंपनी उभी राहिली; आणि १९३४ च्या सित्रोएन त्राक्सिओं आव्हांने चेसिसलाही रजा देऊन बॉडीवरच सगळा भार टाकला. कारखान्याच्या दृष्टीने हा फार मोठा फायदा होता. गंजालाही तो फायद्याचाच ठरला, कारण दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठराविक अंतरावर टाके घातले की टाक्यांच्या मधली फट उघडी राहते, तिच्यात रंगाचा ब्रश किंवा फवारा पोचत नाही, पाणी मात्र पोचते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच जास्त असल्याने तो या फटीत फुगत जाऊन पत्रे एकमेकांपासून उचकटतो, आणि रुंदावलेल्या फटीत आणखी पाणी शिरते. चेसिस गेल्यामुळे सडलेला पत्रा आता केवळ कुरूप दिसत नव्हता. तो गाडीचे हाड होता.

या घडामोडींचा मराठी वाचकाला जवळचा नमुना म्हणजे मुंबईची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० बनवायला घेतली. आधीच्या वर्षीच इटलीत आलेली ही गाडी बिनचेसिसची होती. पुढची दारे उलटी उघडणाऱ्या आणि फुगीर अंगाच्या या गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि ते नाव तिच्या कागदोपत्री नावांपेक्षा जास्त टिकले. युरोप-अमेरिकेत गाड्या सडतात त्या मुख्यतः हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेल्या मिठाने. मुंबईत रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही. ते काम समुद्राची हवा करते, आणि पुढचे चार महिने पाऊस. पायाखालचा पत्रा, चाकांच्या वरची कमान, दारांचा तळ, जॅक लावण्याची जागा हे भाग आधी जातात. सगळ्यांत घातक म्हणजे दारांखालून जाणारी पोकळ पेटी, जिला गॅरेजात सिल म्हणतात. ती आतून सडते, त्यामुळे बाहेरून रंगाला एखादा फोड दिसतो तेव्हा आत अनेकदा स्क्रू-ड्रायव्हर आरपार जातो. बिनचेसिसच्या गाडीची सिल आधार न देता कापली, तर बॉडी मधोमध झोपते आणि नंतर दार काही केल्या बसत नाही. म्हणून जाणता डेंटर आधी दाराच्या चौकटीत आडवा बार झाळून घेतो आणि मगच कटर हातात धरतो.

कारखान्यातला पत्रा साच्यातून येऊ लागला, तरी सांधे बुजवायला हातकामच लागत होते, आणि ते काम शिशाचे होते. साधारण सत्तर टक्के शिसे आणि तीस टक्के कथील यांचा मिश्रधातू १८३ अंशांच्या पुढे सुमारे २५५ अंशांपर्यंत पुरता वितळत नाही, कणकेसारखा मऊ राहतो, आणि सगळी कारागिरी या सत्तरेक अंशांत मावते. आधी पत्रा चकचकीत घासून त्याला कथिलाचा पातळ हात द्यायचा. आपल्याकडे तांब्याच्या भांड्याला नवसागर टाकून कल्हई करतात, त्याचीच ही भावकी. मग कांडी तापवून मऊ झालेले शिसे पत्र्यावर ठेवायचे, चरबी लावलेल्या लाकडी फळीने ते लोण्यासारखे पसरायचे, आणि गार झाल्यावर वाकड्या दात्यांच्या कानशीने उतरवायचे. पॉलिश पेपर मात्र लावायचा नाही, कारण शिशाची धूळ फुप्फुसात जाते. हे काम नीट केले तर पन्नास वर्षे हलत नाही. नीट केले नाही, म्हणजे कथिलाचा हात देताना लावलेल्या अ‍ॅसिडचा अंश धुऊन काढला नाही, तर रंगाखाली गंज पुन्हा सुरू होतो, आणि तो दिसेपर्यंत कारागीर निवृत्त झालेला असतो.

१९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची पूड यांची पुट्टी आली. हार्डनर मिसळला की ती काही मिनिटांत घट्ट होते, तिला तापवायला गॅसची बत्ती लागत नाही आणि कौशल्यही फारसे लागत नाही. पुट्टीला सरसकट शिव्या घालण्याची फॅशन मला मान्य नाही. सरळ केलेल्या शाबूत पत्र्यावर एक-दोन मिलिमीटरचा थर हा तिचा रास्त उपयोग आहे. बिघडले ते तिच्या स्वस्ताईने. भोकात जाळी किंवा वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून पुट्टी फासण्याची चाल जगभर पडली, आणि शंखजिरे ओल धरून ठेवत असल्याने मागून येणारे पाणी तिथेच मुक्कामाला राहिले. विकत घेण्यापूर्वी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवरून फिरवण्याची जुनी युक्ती यातूनच आली : जिथे चुंबक सुटते, तिथे पत्रा नाही किंवा खूप खोल आहे.

खरे औषध म्हणजे सडका भाग कापून नवा पत्रा जोडणे. पण तेही दीर्घकाळ नीट जमत नव्हते. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची बत्ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच आली होती, परंतु जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा तिच्या आचेने पापडासारखा वाकतो. हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे टेकवायचा लोखंडी ठोकळा) घेऊन गरम सांधा लगेच ठोकत जाणारे हात कमी होते, म्हणून बहुतेकांनी ठिगळ वरून ठेवून कडा झाळण्याचा मार्ग धरला. त्यात दोन पत्र्यांमधली ती जुनीच फट पुन्हा तयार झाली. तार आपोआप पुढे सरकणारे मिग वेल्डिंग १९४० च्या दशकाअखेर अमेरिकेत विकसित झाले. पुढे गॅरेजात ते पोचल्यावर कडेला कड भिडवून, इंचाइंचावर एकेक टाका घालत आणि मध्ये पत्रा गार होऊ देत काम करणे सामान्य कारागिरालाही शक्य झाले.

त्यानंतरचा टप्पा कारागिराचा नव्हे, साच्यांचा आहे. इंग्लंडात ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये एमजीबी या गाडीचे मूळ साचे वापरून अख्खी नवी बॉडी विकायला काढली. सडलेली बॉडी दुरुस्त करण्याऐवजी बदलता येऊ लागली, आणि मग प्रश्न उभा राहिला, की अशी गाडी जुनी म्हणायची का. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हिने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिनची सनद जतनाला पहिली पसंती देते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवायला सांगते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी असणे पुरेसे नाही. गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. सिलचा सडलेला हातभर तुकडा बदलणे हा फेरफार नव्हे, असे कोणीही म्हणेल. तळ, दोन्ही सिल आणि चारही कमानी बदलल्यावर तेच तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून डुक्कर फियाट उघडताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवणारे आणि कापलेला पत्रा चिठ्ठी बांधून माळ्यावर जपणारे मालक मला विक्षिप्त वाटत नाहीत.