पार्श्वभूमी : कौलं उतरली, वर्ग तापले

१९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या आदेशानंतर करवीर (कोल्हापूर) संस्थानात खेडोपाडी चावडीत, देवळात शाळा भरू लागल्या. पुढे बांधल्या गेलेल्या शाळांना जाड भिंती, उंच आढं, कौलं आणि पुढे पडवी असे. तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई. त्याला कुणी 'हरित इमारत' म्हणत नव्हतं.

खरा वाद कौलांच्या जागी आलेल्या काँक्रीटच्या स्लॅबचा, आणि तो अजून मिटलेला नाही. कौलं दरवर्षी चाळावी लागत, माकडं ती फोडत, आढ्याला वाळवी लागे आणि दुरुस्तीचा निधी शाळेपर्यंत पोचेपर्यंत निम्मा पावसाळा सरलेला असे. त्यामुळे गावानं स्लॅब मागितला यात नवल नाही. वर मजलाही चढवता येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात बारमाही इमारत, शिक्षकागणिक वर्गखोली, स्वच्छतागृह, स्वयंपाकघर, कुंपण, सगळं आलं. हवा खेळती असावी, हे मात्र त्यात कुठेच नाही. तपासणीचा रकाना भरायचा तर स्लॅब सोयीचा. मग गगनबावड्याच्या धुवाधार पावसात आणि शिरोळच्या कोरड्या रानात एकाच नमुन्याचा आराखडा उभा राहिला. ही चूक स्लॅबची कमी आणि नमुन्याची जास्त. समोरासमोर खिडक्या, छताला पांढरा लेप, भिंतीत वरच्या बाजूला झरोके, हे मूळ अंदाजपत्रकात धरलं असतं तर स्लॅबखालीही मुलांना बसता आलं असतं. आता एप्रिलमध्ये दुपारच्या सत्रात पंखा तापलेली हवाच खाली ढकलतो.

पोषण आहाराची खिचडी बरीच वर्षं पडवीतल्या चुलीवर शिजली, तिचा धूर थेट पहिलीच्या वर्गात. गॅस आल्यावर तो कमी झाला. पण डिजिटल वर्ग आले, पडद्यावर उजेड नको म्हणून खिडक्या झाकल्या गेल्या. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. चाळीस मुलांच्या बंद खोलीत एका तासिकेतच तो २००० च्या पुढे जातो. मुलं पेंगतात, आणि बोल लागतो खिचडीला.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या शाळांत भिंतींची ओल महिनोन्‌महिने हटली नाही. घाईनं रंग दिला की तो पापुद्र्यांनी सुटतो आणि मागं बुरशी दिसते. दरम्यान कोरोनात खिडक्या उघड्या ठेवण्याच्या सूचना आल्या, पुढं त्या विसरल्याही गेल्या.

खिडकी उघडली की सगळं सुटतं, असंही नाही. ऊस हंगामात शिवारात पाचट पेटतं, गुऱ्हाळं धगधगतात आणि काजळी बाकांवर येऊन बसते. म्हणून इथल्या आराखड्यात वाऱ्याची दिशा, पुराची रेषा आणि उसाचा फड, तिन्ही लागतात. सध्याच्या नमुना-आराखड्यात यातलं एकही नाही.