मायनिंगची मक्तेदारी आणि ती मोडण्याचे प्रयत्न

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत आज कोणी घरच्या कॉम्प्युटरवर बिटकॉइन मायनिंग सुरू केले, म्हणजे व्यवहारांचा नवा गट (ब्लॉक) नोंदवण्यासाठी यंत्राने गणिती कोडे सोडवून बक्षिसाची नाणी मिळवायला घेतले, तर पदरात पडेल ते हेस्कॉमचे वीजबिल. त्यात एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर, आणि मायनिंगच्या यंत्रांचा खर्चही त्यातून वजा होत नाही. 3 जानेवारी 2009 रोजी पहिला ब्लॉक निघाला तेव्हा साधा प्रोसेसर पुरत होता. मग ग्राफिक कार्डे आली, 2013 पासून फक्त याच कामाची एसिक यंत्रे आली आणि घरगुती मायनिंग संपले.

यंत्रांपेक्षा खरी गोम पूलमध्ये, म्हणजे मायनिंग करणाऱ्यांच्या गटात आहे. एकट्याला ब्लॉक लागायला वर्षे जातील, म्हणून 2010 च्या अखेरीस स्लश पूल निघाला. काम सगळ्यांचे, मिळकत वाटून. चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या ऊसवाल्याला हे सांगावे लागणार नाही: ऊस आपला, पण तोड कधी मिळणार ते कारखाना ठरवतो. पूलमध्येही यंत्र आणि वीज सभासदाची. ब्लॉकमध्ये कुठले व्यवहार घ्यायचे हे मात्र चालक ठरवतो. जून 2014 मध्ये जीहॅश या पूलकडे काही काळ बिटकॉइनच्या एकूण गणनशक्तीपैकी (हॅशरेट) निम्म्याहून जास्त वाटा गेला. एवढे बळ असले की तेच नाणे दोनदा खर्च करता येते. ओरड झाली, तेव्हा पूलने स्वतःवर 40 टक्क्यांची मर्यादा घालून घेतली. रोखणारा नियम नव्हताच.

साध्या प्रोसेसरवर मायनिंग चालावे म्हणून लाइटकॉइन या दुसऱ्या नाण्याने 2011 मध्ये वेगळे गणित निवडले. त्यालाही एसिक निघालेच. मोनेरो या आणखी एका नाण्याने 2019 मध्ये साध्या प्रोसेसरला झुकते माप दिले. पूल तिथेही उरले.

मला सर्वांत धूर्त वाटतो तो 2014 मधला इटाय एयाल आणि एमिन ग्युन सिरर या संगणकशास्त्रज्ञांचा प्रस्ताव. ब्लॉक शोधण्याच्या कामाला दुसरा टप्पा असा जोडायचा की तो बक्षिसाच्या खासगी किल्लीशिवाय, म्हणजे ती नाणी खर्च करू देणाऱ्या गुप्त आकड्याशिवाय, होणारच नाही. चालकाने किल्ली सभासदांना दिली, तर कोणीही बक्षीस घेऊन पसार होईल. न द्यावी, तर ते काम चालकाला स्वतःच्याच यंत्रांवर करावे लागेल. म्हणजे मोठा पूल चालवणेच परवडू नये.

बिटकॉइनने ते स्वीकारले नाही. त्यामागे लाखोंची यंत्रे गुंतवून बसलेल्यांचा धाक असणार, असे मला वाटते. आता पूल आणि सभासदांच्या यंत्रांमधल्या संवादाच्या स्ट्रॅटम व्ही2 नावाच्या नव्या पद्धतीत व्यवहार निवडण्याचा हक्क सभासदाला मिळू शकतो, मात्र पूलने ती सोय दिली तरच.