टाका सुटला की गेम बंद

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात ज्याला सगळे ‘टीव्ही गेम’ म्हणायचे, ती बहुतेक वेळा निन्टेंडो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम-यंत्राची नक्कल असायची. पडद्यावर नुसत्या रेघा आल्या की कॅसेट काढायची, फुंकायची, परत खुपसायची. खरं तर फुंकरीनं काही होत नसे. काढून पुन्हा बसवताना पिना जुळायच्या, एवढंच. उलट तोंडातल्या वाफेनं त्या गंजायच्या, आणि आपल्या पावसाळ्यात तर काय बोलावं!

अमेरिकेत १९८५ साली आलेल्या निन्टेंडोच्याच मॉडेलचं दुखणं याहून मोठं होतं. ते व्हीसीआरसारखं दिसावं म्हणून कॅसेट पुढून सरकवून खाली दाबायची सोय केली, आणि त्या हालचालीत ७२ पिनांचं कनेक्टर ढिलं पडू लागलं. त्यात नक्कल कॅसेट ओळखणारी एक चिप होती. संपर्क जरा चुकला की ती यंत्र सारखं रीसेट करायची. १९९३ मध्ये निन्टेंडोनं वरून कॅसेट घालायचं मॉडेल काढलं आणि ही चिपही वगळली. पुढं सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये लेझरची प्लास्टिकची पट्टी झिजायची; लोक डबा उलटा ठेवून खेळायचे.

पण बिघाडाचा खरा दणका बसला तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम-यंत्राला. नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत विक्री सुरू झाली, २००६ मध्ये ते भारतात आलं. पॉवर बटणाभोवती तीन लाल दिवे लागले की खेळ खलास. शिसं नसलेल्या सोल्डरवर, म्हणजे टाका घालायच्या धातूवर, बराच काळ खापर फुटलं. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मंडळींनी सांगितलं, की बोर्डावरचा टाका नव्हे, चिपच्या आतली जोडणी तुटत होती. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्याला हे समजवावं लागणार नाही: कास्टिंगचा एक भाग लवकर गार झाला, दुसरा उशिरा, तर चीर पडते. इथं चिप आणि तिच्या खालचा थर तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावायचे, बंद केल्यावर आकसायचे. रोज चालू-बंद, रोज तेच. टॉवेल गुंडाळून तापवायचा किंवा हीट गन मारायचा उपाय म्हणूनच चार दिवस लागू पडायचा.

५ जुलै २००७ ला कंपनीनं या दोषापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या स्क्वेअरट्रेडनं दोन वर्षांतल्या बिघाडाचे आकडे दिले: एक्सबॉक्स ३६० चे २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ चे १०, निन्टेंडोच्या ‘वी’चे (Wii) २.७. अर्थात ही कंपनी वाढीव वॉरंटी विकणारी, आणि आकडे तिच्याच ग्राहकांचे. तरी ‘वी’ फार कमी वीज खायचं, म्हणजे तापायचंही कमी, हे विसरू नये.

२०१७ च्या निन्टेंडो स्विचमध्ये दुखणं परत संपर्कावर आलं. त्याच्या जॉय-कॉन या हातात धरायच्या कंट्रोलरच्या स्टिकखालचा कार्बनचा थर घासून झिजतो आणि हात न लावता खेळाडू एका बाजूला चालू लागतो. स्टिक बदलता येते, फक्त स्क्रू तीन पाकळ्यांचे असल्यानं घरातला पेचकस चालत नाही. तिथंही आधी फुंकर मारून बघणारे आहेतच.