सुतळीची लांबी आणि सुतळीचा मध्य: वजाबाकी कुठे, बेरीज कुठे?

निर्देशक भूमिती हे दहावीच्या गणित भाग २ मधलं पाचवं प्रकरण. सूत्रं मोजकीच, पण उत्तरपत्रिकेत एक चूक हमखास सापडते. दोन बिंदूंमधलं अंतर काढताना निर्देशकांची, म्हणजे बिंदूची आडवी आणि उभी जागा सांगणाऱ्या आकड्यांची, बेरीज केलेली असते आणि मध्यबिंदू काढताना वजाबाकी. मुलांचा फारसा दोष नाही. दोन्ही सूत्रांत तेच दोन बिंदू, तेच चार आकडे. नुसतं पाठ केलं असेल तर कुठलं चिन्ह कुठे हे आठवायला हाताशी काहीच नसतं. म्हणून एक तास फळा सोडून फरशीवर उतरावं.

चौकोनी फरश्यांची खोली, सुतळीचा गुंडा आणि खडू एवढं पुरतं. खोलीचा एक कोपरा हा आरंभबिंदू, त्याच्या दोन भिंती हे दोन अक्ष, एक फरशी म्हणजे एक एकक. उभं राहायचं ते फरशीच्या पोटात नाही, चार फरश्यांचे कोपरे जुळतात त्या सांध्यावर. हे आधी बजावलं नाही तर निम्मा वर्ग फरश्या मोजतो, निम्मा रेघा मोजतो आणि तास भांडणात जातो. खोलीत फरशी नसेल तर मैदानावर फक्कीने चौकटी आखा.

एक मुलगी (२, १) वर, एक मुलगा (८, ९) वर. मध्ये सुतळी ताणलेली. तिला म्हणूया अ, त्याला ब.

आधी अंतर. अ कडून ब कडे रेघांवरून चालत जायचं तर आडव्या ८ − २ = ६ आणि उभ्या ९ − १ = ८ फरश्या. सुतळी मात्र तिरकी जाते, म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. ३६ अधिक ६४ म्हणजे १००, वर्गमूळ १०. दुसऱ्या प्रकरणातला पायथागोरसच वेश बदलून आला आहे. सुतळी सोडून फरश्यांच्या एका ओळीवर सरळ ठेवली की दहा फरश्या भरतात. काही जण वर्गमूळ घेताना ६ आणि ८ मिळवून १४ लिहितात; तो चालण्याचा रस्ता झाला, सुतळी नव्हे.

ज्याने बेरीज केली त्याला १० चा वर्ग अधिक १० चा वर्ग, म्हणजे २०० चं वर्गमूळ, सुमारे १४.१ मिळतं. त्याला तेवढी सुतळी कापून द्या आणि अ-ब मध्ये धरायला सांगा. ती लोंबते.

आता मध्यबिंदू. इथे वजाबाकी करणाऱ्याचं उत्तर येतं (३, ४). त्याला खरंच तिथे उभं करा. तो सुतळीपासून बाजूला पडतो, वर्ग हसतो. पण हे उत्तर पुसून टाकण्याआधी थांबा, कारण ही चूक फार कामाची आहे. ३ आणि ४ हे आकडे खोटे नाहीत. अ पासून अर्ध्या वाटेवर पोचायला आडव्या तीन आणि उभ्या चार फरश्याच चालाव्या लागतात. त्याची गफलत एवढीच की तो अ च्या पायापासून निघायच्या ऐवजी खोलीच्या कोपऱ्यातून निघाला. अ पासून निघाला तर २ + ३ = ५, १ + ४ = ५, आणि (५, ५) वर तो बरोबर सुतळीच्या मधोमध येतो. सुतळी दुमडून पाहा, घडी तिथेच पडते. २ मध्ये ८ आणि २ च्या फरकाचा अर्धा भाग मिळवला की राहते ती २ आणि ८ ची बेरीज भागिले दोन. म्हणजे मध्यबिंदूच्या सूत्रातही वजाबाकी आहेच, बेरजेत विरघळलेली.

मुलांना याहून पक्कं पटवायचं असेल तर आरंभबिंदू हलवा. अ आणि ब आपापल्या जागी. खडूचा शून्य कोपऱ्यातून उचलून आधीच्या (५, ४) वर मांडा. आता अ झाली (−३, −३), ब झाला (३, ५). फरक काढा: ३ − (−३) म्हणजे ६, ५ − (−३) म्हणजे ८. अंतर पुन्हा १०. ऋण चिन्ह गिळून ३ − ३ = ० लिहिणाऱ्याला सुतळीच उत्तर देते, ती तसूभरही हललेली नसते. मध्यबिंदूचा पत्ता मात्र (५, ५) चा (०, १) झाला. अंतर ही लांबी आहे, तिला कोपरा कुठला याच्याशी देणंघेणं नाही. वजाबाकीत कोपरा कटून जातो. मध्यबिंदू ही जागा आहे, तिचा पत्ता कोपऱ्यावरूनच सांगावा लागतो, आणि बेरीज तो पत्ता धरून ठेवते.

विभाजनाचं सूत्र, म्हणजे दोन बिंदूंमधली रेघ दिलेल्या गुणोत्तरात तोडणारा बिंदू काढायचं सूत्र, हा याच मध्यबिंदूचा थोरला भाऊ. कोपरा पुन्हा जुन्या जागी नेऊन सुतळीला दोनदा घडी घाला आणि अ जवळची पहिली खूण पाहा. गुणोत्तर १:३. इथे नवा गोंधळ: तीनने कोणाला गुणायचं? खूण अ च्या जवळ, म्हणून वजन अ चं जास्त. कावडीच्या एका टोकाला तीन घागरी आणि दुसऱ्या टोकाला एक असेल तर खांदा जड बाजूकडेच सरकवावा लागतो, तसंच हे. तीनदा २ अधिक ८, भागिले ४, म्हणजे साडेतीन; तीनदा १ अधिक ९, भागिले ४, म्हणजे ३. खूण (३.५, ३) वर, एका फरशीच्या कडेच्या मधोमध पडते. अ पासून तिथवरचं अंतर आता मुलांनाच काढू द्या: दीडचा वर्ग अधिक दोनचा वर्ग, वर्गमूळ अडीच. दहाचा चौथा हिस्सा.