घोडा बुजतो तेव्हा त्याच्या आत काय चाललेलं असतं

रोजचाच रस्ता, रोजचंच कुंपण, फक्त आज त्या कुंपणावर एक पांढरी प्लॅस्टिकची पिशवी अडकून फडफडतेय. घोडा लांबूनच मान ताठ करतो, दोन्ही कान तिकडे रोखतो, नाकातून मोठ्याने फुरफुरतो, खोगिराखालची पाठ लाकडासारखी टणक होते आणि तुम्ही लगाम सावरेपर्यंत तो चार-पाच फूट बाजूला उडी मारून मोकळा झालेला असतो. वरचा माणूस चिडतो, म्हणतो नाटकं करतोय, काल तर इथूनच गुपचूप गेला होता. पण काल पिशवी नव्हती ना!

घोड्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांमधल्या सगळ्यात मोठ्या डोळ्यांपैकी आहेत आणि डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग आणि शेपटीमागची सरळ रेषा एवढंच सुटतं. कडेला काही हललं की त्याला लगेच समजतं, पण ते नक्की काय आहे हे बारकाईने बघण्यात तो आपल्यापेक्षा कमी पडतो. लाल आणि हिरव्यात त्याला फारसा फरक दिसत नाही. अंधारात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण उन्हातून एकदम सावलीत गेलं की डोळे जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून शेडच्या काळोख्या दारात तो अडतो तेव्हा त्याला हट्टी म्हणण्यात अर्थ नाही, दोन मिनिटं थांबा की.

कानाची गोष्ट तर अजून भारी आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला ३३ च्या आसपास. पण आवाज कुठून आला हे ओळखण्यात घोडा कच्चा आहे, आपण साधारण १ अंशाचा फरक ओळखतो आणि त्याला सुमारे २५ अंशांचा फरक लागतो. म्हणजे झुडपात काहीतरी खसफसलं हे त्याला तुमच्याआधी समजलं, पण नेमकं कुठे ते समजलं नाही, मग तो काय करणार, आधी लांब पळायचं आणि नंतर वळून बघायचं. मोकळ्या माळावर राहणाऱ्या, गवत खाणाऱ्या प्राण्यासाठी हा हिशोब बरोबरच होता. उगाच पळालो तर थोडी ताकद वाया जाते, पळायला हवं होतं आणि पळालो नाही तर जीव जातो.

उडी मारून झाली की विषय संपला असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या शरीरात तो चालूच असतो. शांत घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला ३० ते ४० ठोके पडतात, घाबरला की ते काही क्षणांत शंभरच्या वर जाऊ शकतात, शिवाय प्लीहा, म्हणजे पोटातला रक्त साठवणारा अवयव, आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणजे पळायची सगळी तयारी झाली. हे सगळं ओसरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरी छोटीशी गोष्ट झाली, साधी चिमणी उडाली, तरी तो आधीपेक्षा जोरात बुजतो. लोक म्हणतात चिमणीला घाबरला. चिमणीचं निमित्त हो, आधीचं साठलेलं होतं.

आता वर बसलेल्या माणसाकडे येऊ. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांचा एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना घोड्यावर बसून किंवा घोडा हाताने धरून ठरलेल्या वाटेवरून फेऱ्या मारायला लावल्या आणि एका फेरीआधी सांगितलं की आता जवळून जाताना छत्री उघडणार आहे. छत्री कुणी उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले, आणि घोड्याला तर छत्रीचं कुणी काही सांगितलंही नव्हतं!

याचा अर्थ "तू घाबरू नकोस, मग तो घाबरणार नाही" असा सल्ला देऊन मोकळं व्हावं असा नाही, कारण घाबरू नकोस म्हटल्याने आजवर कुणाची भीती गेलीये? शरीराचं मात्र काही करता येतं. भीती वाटली की माणूस मांड्या आणि गुडघे आवळतो, पुढे वाकतो आणि लगाम खेचतो. घोड्याला शिकवलेलं असतं की पाय दाबले की पुढे चल आणि लगाम ओढला की थांब, आता त्याला दोन्ही एकदम मिळालं, त्यात समोर पिशवी. म्हणून मोठ्याने बोला, गाणं म्हणा, काहीही म्हणा, बोलताना श्वास रोखून धरता येत नाही हा त्यातला खरा फायदा. श्वास सावकाश बाहेर सोडा, टाचा खाली, नजर पिशवीवर न ठेवता वाटेच्या पुढच्या वळणावर.

आणि शिकवायचं कसं? डेन्मार्कमधल्या २००६ च्या अभ्यासात दोन वर्षांच्या २७ घोड्यांना हलणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावली. काहींना पिशवी थेट पूर्ण दाखवली, काहींना तिच्यासोबत खाऊ दिला, काहींना थोडी थोडी करत दाखवली. थोडं थोडं वाला गट सगळ्यात कमी बुजला, त्यांना सेशन्सही कमी लागली आणि त्या गटातले सगळे घोडे शेवटी शांत झाले, बाकीच्या गटांत काही शेवटपर्यंत झालेच नाहीत. त्याच टीमने नंतर हेही दाखवलं की पिशवीला सरावलेला घोडा सोबत असला तर नवखा कमी घाबरतो, आणि नंतर एकटा असतानाही कमी घाबरतो.

म्हणून भीतीच्या वस्तूपाशी घोड्याला ओढत नेऊन "बघ, काही नाहीये" करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो उभा राहतो हे खरं, पण बऱ्याचदा नुसता गोठलेला असतो, डोळे विस्फारलेले, मान वर, श्वास अडकलेला. त्यापेक्षा असं अंतर शोधा जिथे कान तिकडे आहेत पण पाय अजून सैल आहेत. तिथेच अर्धवर्तुळात हळू चालवत राहा, आणि पापण्या लवल्या, मान थोडी खाली आली, एक कान तुमच्याकडे वळला की लगेच लगाम सैल सोडून लांब न्या. लांब नेणं हेच बक्षीस. मग पुन्हा जवळ, पण एखाद-दोन पावलंच. कंटाळवाणं आहे, मान्य, पण चालतं. पडून घाबरलेल्या स्वारालाही हाच डोस लागू आहे, आधी नुसतं चालणं, मग थोडी दुडकी, आणि चौखूर वगैरे सगळं नंतर.

एक मात्र बघा, आधी नीट असलेला घोडा अचानक बुजरा झाला तर ट्रेनिंग बाजूला ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. डोळ्याचा आजार, दातदुखी, पोटातले अल्सर, पाठीला टोचणारं खोगीर, यातलं काहीही असू शकतं.

अजून एक भानगड म्हणजे डाव्या बाजूने सरावलेली वस्तू परतताना उजव्या बाजूला आली की तो पुन्हा बुजतो. लोक सांगतात की घोड्याच्या मेंदूचे दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत, ते चूक आहे, एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्यालाही ओळखता येतं हे प्रयोगात दिसलंय. पण वस्तूच वेगळ्या कोनातून वेगळी दिसते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मुलांच्या खेळण्याच्या घसरगुंडीसारख्या सेटची सवय लावून मग तो सेट ९० अंशात फिरवला, तर घोडे नवीन काही पाहिल्यासारखेच वागले. तेव्हा दोन्ही बाजूंनी सराव करा, येतानाही आणि जातानाही.

आणि वरून जमत नसेल तर खुशाल उतरा. चालवत नेताना वस्तू आणि घोडा यांच्या मध्ये तुम्ही राहा, कारण तो उडी मारणार ती वस्तूपासून लांब, म्हणजे तुमच्या अंगावर नाही. दोरी हाताभोवती कधी गुंडाळायची नाही, घडी करून मुठीत धरायची.