‘मान्सून दाखल’ म्हणजे नेमकं काय दाखल?

तापलेली जमीन, समुद्रावरून येणारे वारे, सह्याद्रीला अडून पडणारा पाऊस हे सगळं शाळेतच शिकून झालंय. प्रश्न आहे तो दरवर्षी मे महिन्याअखेर कानावर येणाऱ्या ‘दाखल’ या शब्दाचा.

‘मान्सून’ आणि ‘मोसमी’ हे दोन्ही शब्द ऋतू या अर्थाच्या एकाच अरबी शब्दातून आले. मुळात ते वाऱ्याचं नाव, पावसाचं नव्हे. १६८६ मध्ये एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं या वाऱ्यांचा नकाशा काढला. ते का वळतात, याचं उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात शोधायला १७३५ उजाडलं. आपल्याकडे १८६४ चं कोलकात्याचं चक्रीवादळ आणि पाठोपाठचे दुष्काळ यांतून १८७५ मध्ये हवामान खातं उभं राहिलं. १८८६ मध्ये हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज देणं रीतसर सुरू झालं. दक्षिण हिंदी महासागरातली हवा सोमालियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून दीड-एक किलोमीटर उंचीवरून झोताच्या रूपात आपल्याकडे वळते, हे चित्र मात्र १९६० च्या दशकात स्पष्ट झालं.

आता ‘दाखल’कडे येऊ. २००६ पासून लागू असलेला निकष असा: लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटापासून मंगळूरपर्यंत १४ ठरलेली केंद्रं. १० मे नंतर त्यांपैकी ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस हवा. पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत आणि पुरेशा वेगाचे हवेत. ढगांच्या दाटीचा अंदाज देणारी, पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णताही ठरावीक पातळीखाली हवी. हे सगळं जुळलं, की त्या दोन दिवसांपैकी दुसऱ्या दिवशी केरळात आगमन जाहीर होतं.

या मोजमापात खोट नाही. हवेचा प्रवाह बदलला का, हे तपासायला ते चांगलंच आहे. तरीही जुळलं की नाही यावर वाद झालेत. २०१८ मध्ये एका खासगी संस्थेनं सरकारी घोषणेच्या एक दिवस आधीच मान्सून आल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये २९ मे ची सरकारी घोषणा निकषांत बसत नाही, असा आक्षेप जाहीरपणे घेतला गेला. एका दिवसानं काय बिघडतं, असं शहरात वाटेल. पण जिराईत शेतकऱ्याची बियाण्याची पिशवी त्या शब्दावर फुटते. २.५ मिलिमीटर म्हणजे ढेकूळ वरून काळं होतं, फोडलं तर आत कोरडं. पेरणीसाठी कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणून सांगतो. ‘दाखल’ची बातमी ठळक मथळ्यात आणि हा आकडा कुठेतरी तळाशी, ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

२०२० मध्ये मान्सूनच्या येण्या-जाण्याच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. त्याआधीच्या तारखा विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. केरळची १ जून कायम राहिली, मुंबईची १० ची ११ जून झाली. खरा फरक पडला तो परतीत: मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. काढणीला आलेल्या सोयाबीनवर पडणारा पाऊस आता कागदोपत्रीही नेहमीचाच ठरला.

मग २०२५. मान्सून २४ मे रोजी केरळात, २६ मे रोजी मुंबईत. मुंबईच्या नोंदींतलं सर्वात लवकरचं आगमन. वळवानं महिनाभर आधीच झोडपलं होतं, जमीन ओली होती, रोहिणी नक्षत्रातच पाभर काढायचा मोह होणं साहजिक होतं. पण २९ मे नंतर वारे मंदावले आणि मान्सूनची सीमा १६ जूनपर्यंत जागची हलली नाही. विदर्भाचा मोठा भाग तिच्या पलीकडेच राहिला. पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभागाला पुन्हापुन्हा सांगावं लागलं. मृग लागला तेव्हा मुंबईत मान्सून ‘दाखल’ होऊन जवळपास दोन आठवडे झाले होते.