साहेब ठरवतात तरी कसं?

१९११ मध्ये अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी कारखान्यातल्या कामाची जी शास्त्रीय मांडणी केली, तिच्यात विचार करायचा तो नियोजन खात्याने आणि कामगाराने फक्त सांगितलं तेवढं करायचं. वर बसलेली माणसं बरोबरच ठरवत असणार, हे गृहीत धरलेलं. ती ठरवतात कशी, याचा शोध घ्यायची गरज तेव्हा कुणाला फारशी भासली नाही.

पुढे चेस्टर बर्नार्ड यांनी ती उणीव काहीशी भरून काढली. ते न्यू जर्सी बेल या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष, म्हणजे अनुभवाने बोलणारे. १९३८ च्या पुस्तकात त्यांनी अधिकाऱ्याचं कसब सांगितलं, ते सगळं नकारातच: आज समोर नसलेला प्रश्न हातात घेऊ नये, घाईने ठरवू नये, अमलात येणार नाही ते ठरवू नये, आणि जे दुसऱ्याने ठरवायचं ते आपण ठरवू नये.

खरी कलाटणी मिळाली ती मात्र अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या मुलांच्या खेळाच्या मैदानांमुळे. १९३५ च्या सुमारास हर्बर्ट सायमन हा शिकागो विद्यापीठाचा विद्यार्थी आपल्या या जन्मगावी तिथला कारभार अभ्यासायला आला. मैदानांची देखभाल नगरपालिकेच्या बांधकाम खात्याकडे, खेळ घेण्याचं काम शाळा मंडळाकडे. पैसा देखभालीवर जास्त घालायचा की खेळ घेणाऱ्या शिक्षकांवर, यावरून दोघांचं वाजायचं. सायमन अर्थशास्त्र शिकलेला. वाढीव डॉलर कुठे जास्त उपयोगी पडेल याचा हिशेब मांडला की प्रश्न मिटला, असं पुस्तक सांगत होतं. इथे तो हिशेब कुणी मांडतच नव्हतं, आणि मांडायला बसले असते तरी जमलं नसतं. जो तो आपापल्या खात्याच्या खिडकीतून बघत होता. मला यात लबाडी दिसत नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपल्या परीने प्रामाणिकच होती.

त्यातूनच सायमन यांचं १९४७ चं प्रशासनावरचं पुस्तक आकाराला आलं. माहिती अपुरी, वेळ थोडा, डोक्याची झेपही मर्यादित. त्यामुळे माणूस सर्वांत उत्तम पर्याय हुडकत बसत नाही, काम भागेल असा पहिला पर्याय सापडला की थांबतो. १९५६ मध्ये त्यांनी हे आणखी नेमकेपणाने मांडलं आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलं.

दरम्यान व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच बड्या अधिकाऱ्यांच्या दिवसभर मागे राहून नोंदी ठेवल्या. १९७३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. या साहेबांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकलेली होती! शांतपणे विचार करणारा व्यवस्थापक कागदावरच राहिला.

त्याच वर्षी व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन या अभ्यासकांनी प्रश्नच बदलला: काय ठरवायचं यापेक्षा कुणाला सोबत घेऊन ठरवायचं? एकट्याने, हाताखालच्यांना विचारून, की सगळ्यांनी मिळून? आवश्यक माहिती साहेबांकडे आहे का, आणि त्यांनी एकट्याने ठरवलेलं लोक मनापासून पाळतील का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून ते पद्धत सुचवत.